सहा शहरं की एकच गाव? स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांना घेऊन स्पेनला जाताना

पत्र : आम्ही बेळगावात टिळकवाडीला राहतो. माझा मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची आणि जावेची मुलगी १० वर्षांची. तिघंही दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा ऑनलाइन स्पॅनिश शिकतात. बाई मेक्सिकोच्या आहेत. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं, दीर-जाऊ, तिन्ही मुलं आणि सासू-सासरे असे नऊ जण स्पेनला जायचं म्हणतोय. मिस्टरांनी १८ दिवसांत सहा शहरांचा बेत आखलाय. सासऱ्यांना मधुमेह आहे, घर पूर्ण शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत. मुलांचं स्पॅनिश खरंच सुधारेल का? की हॉटेल आणि बसमध्येच दिवस जातील? सासरे तर म्हणतात, आधी कानडी नीट बोला, मग स्पॅनिश!

उत्तर : ताई, तुमची शंका रास्त आहे. सहा शहरांच्या बेतात मुलं स्पॅनिश बोलणार नाहीत. त्यांना येत नाही म्हणून नव्हे, तर बोलायची गरजच पडणार नाही म्हणून. सामान बांधणं, चेक-इन, स्टेशन, तिकिटं ही सगळी कामं मोठी माणसं इंग्रजीत उरकतात. नऊ जणांचा घोळका आपापसांत मराठी बोलतो. हॉटेलातला माणूस इंग्रजीतच सुरुवात करतो. दर तीन दिवसांनी शहर बदललं की कुठलाच दुकानदार मुलांना ओळखू लागत नाही. आणि मूल परक्या भाषेत तोंड उघडतं ते ओळखीच्या माणसासमोर, तिसऱ्या-चौथ्या भेटीत.

म्हणून बेत उलटा करा. तीन आठवडे काढा, त्यातले किमान सोळा-सतरा दिवस एकाच मध्यम गावात राहा आणि शेवटचे चार दिवस माद्रिद बघा. प्रेक्षणीय स्थळं कमी होतील, पण मुलांच्या भाषेसाठी जायचं असेल तर हाच सौदा आहे.

गाव कोणतं? बार्सिलोनाचं नाव घरात आलंच असेल. शहर सुंदर आहे, पण तिथे कातालान ही स्पॅनिशच्या जोडीची अधिकृत भाषा आहे. पाट्या, शाळा, बागेतल्या आयांची बोलणी बरीचशी कातालानमध्ये असतात. बेळगावकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नवशिक्या मुलांनी मात्र आधी जिथे एकच भाषा कानावर पडते तिथे राहावं. दक्षिणेकडे, सेव्हिल-ग्रानादा भागात, शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात, ते पहिल्या खेपेला जड जातं.

आम्ही सालामांका सुचवू. १२१८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचं हे गाव परदेशी विद्यार्थ्यांना सरावलेलं आहे, त्यामुळे अडखळत बोलणाऱ्याला लोक थांबून ऐकतात. जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे, तेव्हा सासू-सासऱ्यांची दमछाक होत नाही. उंची सुमारे ८०० मीटर, म्हणजे बेळगावापेक्षा थोडी जास्तच. एप्रिलमध्ये पहाटे पाच-सहा अंशांपर्यंत थंडी उतरते, स्वेटर घ्याच. माद्रिदच्या चामार्तीन स्टेशनवरून रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, बसने अडीच ते तीन तास. बुर्गोस किंवा वायादोलिद ही गावंही याच कारणांसाठी चांगली.

घर बघताना नऊ जणांचं एकच मोठं घर शोधू नका. एकाच इमारतीत किंवा गल्लीत दोन फ्लॅट घ्या. लिफ्ट आहे का, हे नक्की विचारा. स्पॅनिशमध्ये तिला ‘आसेन्सोर’ म्हणतात. जुन्या भागातल्या कितीतरी इमारतींत ती नसते. शेगडी बहुधा काचेची असते. ती इंडक्शनची असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालणार नाही, म्हणून तळाशी स्टीलचा इंडक्शन बेस असलेला न्यावा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर तसाच बसतो, तीन पिनांच्या मिक्सरला मात्र ॲडॉप्टर लागेल.

तारखा. कर्नाटकातल्या शाळांना साधारण १० एप्रिलनंतर सुट्टी लागते आणि मे संपता संपता शाळा उघडतात. १५ ते २० एप्रिलच्या दरम्यान निघून १० मेच्या आसपास परतलात तर शाळा बुडत नाही आणि मुलांना शाळेआधी पंधरवडा विश्रांती मिळते. ईस्टरचा आठवडा टाळा, तेव्हा राहण्याचे दर चढतात. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे एप्रिल मोकळा. २३ एप्रिलला सालामांकाच्या प्रांतात सुट्टी असते आणि १ मेला देशभर. आदल्या दिवशी दूध-भाजी भरून ठेवा.

एक अडचण आधीच सांगतो. स्पेनमधली मुलांची शिबिरं जूनअखेर आणि जुलैमध्ये असतात, तेव्हा आपल्या शाळा सुरू असतात. एप्रिल-मेमध्ये तिथली मुलं शाळेत असतात आणि बहुतेक भाषाशाळांमध्ये बारा वर्षांखालच्यांचे गट नसतात. ‘क्लासेस पार्तिकुलारेस’ म्हणजे खासगी शिकवणी मिळते. आठवड्यातून चार दिवस, सकाळी एक तास पुरे. तिन्ही मुलांना एकत्र बसवू नका. थोरला वेगळा आणि दोघी मुली वेगळ्या. नाहीतर जी धीट ती बोलते आणि बाकीचे मान डोलावतात.

खरी शाळा संध्याकाळी पाचला बागेत भरते. मेमध्ये रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि आठपर्यंत बागा मुलांनी भरलेल्या असतात. तिथे खेळणं घेऊन जा. क्रिकेटची बॅट नेण्यात अर्थ नाही, तिथल्या मुलांना तो खेळ माहीत नाही. चेंडू आणि लगोरीसाठी सात चपटे लाकडी तुकडे न्या. लगोरी समजावून सांगताना ‘तिरा’ (फेक), ‘कोर्रे’ (पळ), ‘ते तोका’ (तुझी पाळी), ‘नो बाले’ (हे चालणार नाही) हे सगळं आपोआप तोंडात येतं. लपंडावाला ‘एस्कोंदिते’, पकडापकडीला ‘पिया-पिया’, गोट्यांना ‘कानीकास’ आणि भोवऱ्याला ‘पेओन्सा’ म्हणतात. ‘पुएदो खुगार?’ म्हणजे ‘मी खेळू का?’ हे एक वाक्य मुलांनी इथूनच पाठ करून जावं.

घरातल्या कामांची वाटणी. हा भाग मिस्टरांना आणि दिरांना नीट वाचायला द्या, कारण बेत इथेच फसतो. रोज सकाळी प्रत्येक मुलाला दहा युरो आणि पाच वस्तूंची यादी द्या. बरोबर एकच मोठं माणूस, तेही दोन पावलं मागे आणि गप्प. एका मुलाने पाव आणायचा, दुसरीने भाजी, तिसरीने दूध-दही, आणि दर तीन दिवसांनी पाळी बदलायची. तिघांना एकत्र पाठवलंत तर दोघं तिसऱ्याच्या आड लपतील.

दुकानात शिरताच ‘ओला, ब्वेनोस दियास’ आणि निघताना ‘आस्ता लुएगो’ म्हणायचं, अगदी लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही. न बोलता शिरणं तिथे उद्धटपणा समजतात. बाजारात रांग दिसत नाही, पण असते. आल्यावर विचारायचं, ‘किएन एस एल उल्तिमो?’ म्हणजे शेवटचं कोण? जो हात वर करेल त्याच्यानंतर आपली पाळी. हे माहीत नसलं की मूल अर्धा तास उभं राहतं आणि रडवेलं होऊन परततं. मग ‘पोंगामे मेदियो किलो दे तोमातेस’, अर्धा किलो टोमॅटो द्या, आणि शेवटी ‘क्वांतो एस?’ खरी परीक्षा किंमत ऐकण्याची असते. १.२० युरोला दुकानदार ‘उनो वेइन्ते’ म्हणतो, ‘युरो’ शब्द येतच नाही. म्हणून निघण्याआधी शंभरपर्यंतचे आकडे उलटसुलट, कानांनी ओळखता येतील इतके घोटा. छोटी दुकानं दुपारी दोन ते पाच बंद असतात आणि रविवारी बहुतेक सगळीच.

पहिले चार-पाच दिवस मुलं फक्त बोट दाखवतील. ते शिकणंच चालू असतं. ‘एवढे पैसे भरून शिकवलं आणि आता बोलत नाहीस’ हे वाक्य कुणीही उच्चारू नये, आणि दुकानदारासमोर चूकही सुधारू नये. बारा वर्षांच्या मुलाला नऊ वर्षांच्या बहिणीपेक्षा जास्त लाज वाटेल, ते त्याच्या वयाचं आहे. त्याला माणसांशी गप्पा मारण्याऐवजी शोधायची कामं द्या. विद्यापीठाच्या दगडी दर्शनी भागावर एका कवटीवर छोटा बेडूक कोरलेला आहे, आणि नव्या कॅथेड्रलच्या एका दारावर १९९२ च्या दुरुस्तीत कोरलेला अंतराळवीर. ‘दोंदे एस्ता ला राना?’ विचारत त्याने तो शोधून काढावा. पावसाच्या दिवशी ‘कासा दे लास कोंचास’ या शिंपल्यांनी मढवलेल्या जुन्या वाड्यातल्या सार्वजनिक वाचनालयात जा, प्रवेश मोफत आहे.

एक मर्यादा मात्र पाळा. दवाखाना, पोलीस, विमानतळ, पैशांचे वाद इथे मुलांना दुभाषी करू नका. तिथे मोठ्यांनी इंग्रजी किंवा मोबाइलवरचं भाषांतर वापरावं. तातडीचा क्रमांक ११२.

बाईंचं स्पॅनिश आणि तिथलं स्पॅनिश. मेक्सिकोच्या बाईंनी शिकवलेलं वाया जात नाही, पण काही फरक निघण्याआधी महिनाभर कानावर पडू द्या. स्पेनमध्ये ‘ग्रासियास’मधला ‘स’ इंग्रजी ‘थिंक’मधल्या ‘थ’सारखा ऐकू येतो. रस ‘खुगो’ नव्हे ‘सुमो’ (त्यातला ‘स’ही तसाच), बटाटा ‘पापा’ नव्हे ‘पताता’, गाडी ‘कार्रो’ नव्हे ‘कोचे’, मोबाइल ‘सेलुलार’ नव्हे ‘मोबिल’. सर्वांत महत्त्वाचं, मुलांच्या टोळक्याला उद्देशून तिथे ‘बोसोत्रोस’ म्हणतात आणि क्रियापदाची रूपं वेगळी होतात. मेक्सिकोत हे रूप वापरत नाहीत, त्यामुळे ते शिकवलेलं नसण्याची शक्यता जास्त. बागेतली मुलं ‘केरेइस खुगार?’ विचारतील आणि आपली मुलं बघत राहतील. ते विचारत असतात, ‘तुम्ही खेळता का?’

मुलं स्पॅनिश इंग्रजीतून शिकतात आणि तिथे त्यांचा तोटा होतो. ‘मे गुस्ता एल पान’ हे इंग्रजीतून समजावताना वाक्य उलटंपालटं करावं लागतं. मराठीत ते जसंच्या तसं आहे : मला पाव आवडतो. वस्तू अनेक झाल्या की ‘मे गुस्तान’, म्हणजे आवडतात. कानडीतही ‘ननगे इष्ट’ याच वळणाचं. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. फक्त तिथे दुकानदारही सर्रास ‘तू’ म्हणतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. चांगला मुलगा, चांगली मुलगी असं विशेषण बदलणं आपल्या मुलांच्या जिभेवर आहेच. उच्चारही तसेच. स्पॅनिश त, द, प, क हे आपलेच, हवा न सोडता, आणि त-द दंत्य. इंग्रजी वळणाने ‘टॅको’ म्हणणाऱ्या मुलाला ‘ताको’ म्हण एवढंच सांगा. फक्त ‘पेरो’ (पण) आणि ‘पेर्रो’ (कुत्रा) यांतला र घोटून घ्या. पाव, बटाटा, पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आले. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, म्हणून ‘पान’, ‘पताता’, ‘पागार’ (पैसे देणं) मुलांना चटकन लक्षात राहतील.

यातच तुमच्या सासऱ्यांना उत्तर आहे, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. गणपत गल्लीत एका गाड्यावर मराठी आणि पुढच्या गाड्यावर कानडी बोलून भाजी घेणारं मूल भाषा बदलण्याची कसरत रोज करतं. कानडीतली ही खरेदी आतापासून मुलांवर सोपवा. तोच सराव सालामांकाच्या बाजारात कामी येतो, आणि आजोबांचंही समाधान होईल.

व्हिसा. सर्वांचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागेल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण चौकशी निघाली तर ४५ पर्यंत जाऊ शकतात. एप्रिलसाठी जानेवारीत अर्ज करा. मुलांचे पासपोर्ट नोव्हेंबरपर्यंत हातात हवेत. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तेव्हा मुदत आजच बघा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक हवेत आणि दोन कोरी पानं.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. तुमचा मुलगा १२ चा, म्हणजे त्याची फी पूर्ण आणि बोटांचे ठसेही द्यावे लागतील. मुलींचे ठसे घेत नाहीत. मुलांच्या अर्जावर आई-बाप दोघांच्या सह्या लागतात. दोघांपैकी एक जण येणार नसेल तर नोटरी केलेलं संमतिपत्र. शाळेचं बोनाफाईड आणि सुट्टीचं पत्र जोडा. केंद्र तुम्ही कुठे राहता त्यावरून ठरतं. गोवा-पुणं जवळ म्हणून तिथली वेळ घेऊ नका, कर्नाटकातल्या रहिवाशांसाठी कोणतं केंद्र आहे ते आधी तपासा.

आपल्या भागात अडतं ते कागदांवरच्या नावांमुळे. जुन्या दाखल्यांवर ‘बेलगाम’ आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्यांवर ‘बेळगावी’ असतं. अर्जात पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा. कानडी दाखल्यात आडनावाऐवजी आद्याक्षर आणि पासपोर्टवर पूर्ण आडनाव असेल, तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. फक्त कानडीत किंवा मराठीत असलेल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा.

पैशांचा पुरावा माणशी, दर दिवशी मोजतात. स्पेनच्या मासिक किमान वेतनाच्या दहा टक्के, म्हणजे शंभर युरोच्या वर. नऊ जण, २१ दिवस हा हिशेब १९ हजार युरोंच्याही पुढे जातो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकरकमी पैसे टाकले की शंका येते. सहा महिने आधीपासून खातं नीट दिसू द्या. सासऱ्यांचं उत्पन्न शेतीचं असेल तर उतारा, कारखान्याची ऊसबिलं आणि तुमच्या मिस्टरांचं खर्च उचलत असल्याचं पत्र एकत्र लावा. विमा प्रत्येकाचा किमान ३० हजार युरोंचा, आणि सासऱ्यांचा मधुमेह त्यात जाहीर केलेला. लपवला तर ऐनवेळी दावा फेटाळला जातो.

तिकीट लंडनमार्गे स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. भारतीय पासपोर्टला तिथे विमान बदलायलाही वेगळा व्हिसा लागतो आणि पर्यटनाचा शेंगेन व्हिसा त्याला पुरत नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई किंवा बेंगळुरूचं विमान वेगळ्या तिकिटावर काढणार असाल तर आदल्या दिवशी पोचा. उशीर झाला तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही.

खाणं. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही. तिथे हॅमला म्हणजे ‘खामोन’ला आणि ट्यूनाला कित्येक जण मांसात धरत नाहीत. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या सॅलडवर बहुधा ट्यूना असतो, मसुरीच्या आमटीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज), भाज्यांवर खामोनचे तुकडे. पूर्ण वाक्य पाठ करा : ‘नो कोमेमोस कार्ने, नी खामोन, नी पेस्कादो, नी आतून.’ सासूबाईंसाठी पुढे ‘नी उएवो’. ‘तोर्तिया’ म्हणजे तिथे अंड्या-बटाट्याचं जाड धिरडं. ‘मान्तेका’ हा शब्द दिसला की ती वस्तू ठेवून द्या, ती बहुधा डुकराची चरबी असते. लोण्याला ‘मान्तेकिया’ म्हणतात. पान कोन तोमाते (टोमॅटो चोळलेला पाव), पातातास ब्रावास (तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे) आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या म्हणजे ‘पिमिएन्तोस दे पाद्रोन’ हे सहसा चालतं, तरी विचारून घ्या.

हॉटेलांत दुपारचं जेवण दीडच्या आधी नाही आणि रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. सासऱ्यांना ते चालणार नाही. त्यांचं साडेबारा आणि साडेसातचं जेवण घरी करा. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्शुलिन हातातल्या बॅगेत, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट.

युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे कुंदा, पेढे, तूप घरीच राहणार. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणून हापूस, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या नाहीत. केळी, नारळ, अननस आणि खजूर यांना मात्र सूट आहे. पोहे, भाजणी, कोरडे मसाले, शेंगदाण्याची चटणी, लोणचं हे बॅगेत घ्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात अडवतात, त्या काढून ठेवा.

मेक्सिको किंवा दक्षिण अमेरिकेचा विचार मनात आला असेल, तर सासू-सासरे बरोबर असताना तो या खेपेला बाजूला ठेवा. प्रवास फार लांबचा. शिवाय पेरू, कोलंबिया, एक्वादोरसारख्या देशांतून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि साठीपुढच्यांना डॉक्टर ती विचार करूनच देतात.

आज करायचं काम एवढंच : नऊ पासपोर्ट टेबलावर मांडून मुदतीच्या तारखा आणि नावांची अक्षरं तपासा. मुलांसाठी दर आठवड्याला एक दुकान घरात मांडा. पहिल्या आठवड्यात बेकरी, मग भाजी, मग औषधांचं दुकान. दुकानदार आजोबांना करा. त्यांना फक्त किंमत सांगायची आहे, आणि ती मुलांनी त्यांना स्पॅनिशमध्ये शिकवायची.